आधी दूर ढकलणं दाखवा

मुलांना स्थिर विद्युत शिकवायची, तर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग सुचवला जातो. मुलांना तो आवडतोच, पण सुरुवात त्याने करू नये असं मला मनापासून वाटतं. कपट्यांवर मुळात निव्वळ प्रभार (विद्युतभार) नसतो, म्हणजे दोन्ही प्रकारचे प्रभार सारखेच असतात. कंगवा जवळ आला की त्यांच्यातले प्रभार किंचित सरकतात, म्हणून ते ओढले जातात. पहिल्याच तासाला हे समजावणं कठीण, आणि प्रभार दोन प्रकारचे असतात हे त्यातून दिसतच नाही.

त्याऐवजी प्लॅस्टिकची एक स्ट्रॉ लोकरीने घासून दोऱ्याला आडवी टांगा. तशीच घासलेली दुसरी जवळ नेली की टांगलेली दूर सरकते. रेशमाने घासलेल्या दोन काचनळ्याही एकमेकींना ढकलतात. काच आणि स्ट्रॉ मात्र ओढल्या जातात. म्हणजे प्रकार दोन! 1733 च्या सुमारास फ्रान्समध्ये द्यूफे हे शास्त्रज्ञ याच तर्काने या निष्कर्षाला पोहोचले. या दोन प्रकारांची धन-ऋण ही नावं अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनची. घासण्याने प्रभार निर्माण होत नाही, इलेक्ट्रॉन (ऋण प्रभाराचे सूक्ष्म कण) इकडून तिकडे जातात, हे त्यानंतर सांगावं.

पावसाळ्यात हा धडा घेऊच नका. दमट हवेत, विशेषतः काचेवरचा प्रभार टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी सकाळ उत्तम.