ढोलांचं गराज आणि मिनी-स्प्लिटची निगा

प्रेषक: ढोलपथक समन्वयक, वेस्टबरो

नमस्कार मंडळी,

विसर्जन झालं, आता पथकाचं सगळं सामान आमच्या मागच्या सुट्या गराजमध्ये आलंय. ढोल, ताशे, झांजा, ध्वजाच्या काठ्या, मखराच्या फळ्या, सगळंच. गराज २४ बाय २४ फूट, घरापासून वेगळं. भिंती नुसत्या स्टडच्या, वर छपराच्या कैच्या उघड्या. गाड्या बाहेरच राहतील.

गेल्या हिवाळ्यात हे सामान एका भाड्याच्या शेडमध्ये होतं. सराव असला की तिथे प्रोपेनचा हीटर पेटवायचे, तासाभरात ऊब यायची, सगळे गेले की पुन्हा गोठलेलं. मार्चमध्ये ढोल उघडले तर काही पानं (ढोलाच्या तोंडावरची कातडी) तडकलेली आणि उरलेल्यांवर बुरशी. एकाच हिवाळ्यात दोन्ही कसं होतं हे मला अजून कळलेलं नाही. यंदा तसं होऊ द्यायचं नाहीये. नव्या मुलांचा ताशाचा सरावही रविवारी दुपारी इथेच घ्यायचा विचार आहे. मिनी-स्प्लिट (गरम आणि गार दोन्ही करणारा स्प्लिट एसी, म्हणजे हीट पंपच) बसवावा की भिंतीवरचा इलेक्ट्रिक हीटर पुरेल?

दुसरं, आमच्या घरात डक्ट (हवा खेळवणाऱ्या नळ्या) नाहीत, तीन खोल्यांत मिनी-स्प्लिटची हेड (भिंतीवरची आतली यंत्रं) आहेत. खालच्या मजल्यावरचं सुरू केलं की पहिली दहा मिनिटं ओल्या फडक्यासारखा वास येतो. बघायला आलेला माणूस म्हणाला, धुवायचे दर हेडमागे तीनशे डॉलरच्या वर होतील, शिवाय "गॅसही भरून घ्या". ऍक्टनच्या काकांनी आणि इतर जाणकारांनी सांगावं.


प्रेषक: ऍक्टन

ताई,

आधी गराजचं बोलू, कारण थँक्सगिव्हिंगच्या आत ते काम उरकायला हवं.

पान तडकणं आणि पानावर बुरशी येणं, दोन्हींचं मूळ एकच: तापमानाची उडी. बाहेर २० अंश फॅरनहाइट असताना हवेत पाण्याची वाफ मुळातच फार कमी असते. तीच हवा तापवून ७० वर नेली, की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम १२-१५ टक्के उरते. एवढ्या कोरड्या हवेत ताणलेलं कातडं आक्रसतं आणि कडीपाशी फाटतं. हे तडकण्याचं झालं. आता बुरशी. प्रोपेन जळताना पाणी तयार होतं. एक गॅलन प्रोपेन जाळलं की सुमारे तीन लिटर पाणी वाफ होऊन हवेत येतं, आणि धुराडं नसलेल्या हीटरमधून ते सगळं खोलीतच राहतं. वर पंधरा-वीस वादकांचे श्वास आणि घाम. हीटर बंद झाला, शेड गार पडली, की ती वाफ सगळ्यात थंड पृष्ठभाग शोधते: पत्रा, ढोलाचं पिंप, पानाची आतली बाजू. तिथे पाणी धरलं की बुरशी आलीच.

म्हणून ढोलांना फार ऊब नको आहे, स्थिर ऊब हवी आहे. हिवाळाभर ५० अंशांवर ठेवा. त्याच बाहेरच्या हवेची आर्द्रता ५० अंशांवर २५ टक्क्यांच्या आसपास राहते, ७० च्या जवळजवळ दुप्पट. तीही कातड्याला कमीच आहे. तेव्हा दोऱ्या सैल करा, प्रत्येक ढोल जाड सुती कापडात गुंडाळा, भिंतीला टेकवू नका, थेट काँक्रीटवर ठेवू नका, फळीवर ठेवा. दहा-बारा डॉलरचं आर्द्रतामापक तिथे टांगा आणि आकडा ४० ते ५० च्या दरम्यान राहतोय का ते बघत जा. फारच खाली गेला तर छोटा ह्युमिडिफायर, वर गेला तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. मुलं येणार त्या दिवशी सकाळी ५८-६० करा. ताशा वाजवणाऱ्याला त्याहून जास्त लागत नाही.

यंत्राचा विचार त्यानंतर. तुमच्या गराजचा ढोबळ हिशेब मांडला. बाहेर ५ अंश, आत ५० धरले, तर आहे त्या स्थितीत तासाला ३०,००० बीटीयूच्या (हे उष्णतेचं माप) वर उष्णता बाहेर जाईल. सर्वांत मोठी गळती छपरातून, मग भिंती, मग दाराच्या फटी. स्टडमध्ये आर-१३ किंवा आर-१५ चे बॅट (काचतंतूच्या गाद्या; आर-आकडा मोठा तितकी ऊब जास्त टिकते) भरले, कैच्यांच्या खालून ड्रायवॉल मारून वर आर-३८ इतकं सेल्युलोज (कागदाचा भुसा) ओतलं आणि मोठ्या दाराला खालची व बाजूची रबरी पट्टी नवी लावली, तर तोच आकडा १०,००० च्या आत येतो. पहिल्या स्थितीत ५ किलोवॉटचा इलेक्ट्रिक हीटर दिवसरात्र चालूनही हरेल, कारण तो जेमतेम १७,००० बीटीयू देतो. दुसऱ्या स्थितीत १२,००० बीटीयूचा एक मिनी-स्प्लिट पुरतो. छपराच्या कडेच्या वायुवीजनाच्या जागा मात्र सेल्युलोजने बुजवू नका, नाहीतर ओल वर साठेल.

आता हीटर की मिनी-स्प्लिट? रोज थोडा वेळ वापरायचं असतं तर मी हीटर म्हणालो असतो, स्वस्त आणि बिनकटकटीचा. तुम्हाला पाच महिने अखंड ५० अंश हवे आहेत. हीटर एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो. हीट पंप आपल्या हिवाळ्यात सरासरीने दोन ते तीन देतो. मॅसॅच्युसेट्समध्ये युनिटला तीस सेंटच्या घरात दर पडतो, तेव्हा हा फरक बिलात लगेच दिसेल.

घेताना एक गोष्ट नक्की विचारा, बहुतेक जण विचारत नाहीत. बऱ्याच मिनी-स्प्लिटच्या रिमोटवर हीटिंगचं तापमान ६०-६१ अंशांच्या खाली जातच नाही. तुम्हाला ५० हवे आहेत. फुजित्सूच्या बऱ्याच मॉडेलांत १० अंश सेल्सिअसला (म्हणजे ५० फॅरनहाइटला) धरून ठेवणारी सोय असते, ग्रीच्या अनेक मॉडेलांत ८ ची. ती त्याच मॉडेलात आहे का हे माहितीपत्रकात बघा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. आणि थंड प्रदेशासाठी बनवलेलंच घ्या. ४ फेब्रुवारी २०२३ च्या सकाळी बॉस्टनला उणे १० फॅरनहाइट होतं. मित्सुबिशीच्या हायपर हीटसारखी यंत्रं ५ अंशांपर्यंत पूर्ण क्षमता देतात आणि उणे १३ पर्यंत चालतात. साधं यंत्र अशा रात्री मान टाकतं, आणि ढोलांना नेमकी तीच रात्र भोवते.

बाहेरचं युनिट जमिनीवर नको. स्टँडवर, किमान १८ इंच उंच, आणि छपराच्या पागोळ्या वर पडणार नाहीत अशा बाजूला. डीफ्रॉस्ट होताना (यंत्र स्वतःवरचा बर्फ वितळवतं तेव्हा) त्यातून दाट वाफ निघते, तो धूर नव्हे. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

घरातल्या हेडचं उद्या लिहितो.


प्रेषक: नॅशुआ

काका, प्रश्न प्रामाणिकपणे विचारतोय. मी माझ्या गराजमध्ये सुतारकाम करतो, टॉर्पेडो हीटर (ज्योतीवर गरम हवा फेकणारा, धुराडं नसलेला) लावला की पंधरा मिनिटांत काम सुरू. हा हजारोंचा खर्च मंडळाने का करावा?


प्रेषक: ऍक्टन

दादा, तुमच्या सुतारकामाला दार थोडं उघडं ठेवून तो चालत असेल, ते तुमचं तुम्ही बघा. पण मुलांच्या सरावाला धुराडं नसलेला हीटर मी कुठल्याही परिस्थितीत चालू देणार नाही. दारं बंद, पंधरा-वीस मुलं जोरजोरात वाजवतायत, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि डोकं दुखायला लागलं तर ते ताशाच्या आवाजाने दुखतंय असंच सगळ्यांना वाटणार. शिवाय गराजमध्ये पेट्रोलचा डबा, बर्फ उडवायचं यंत्र असतंच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. म्हणूनच गराजमधल्या उपकरणाची ज्योत किंवा ठिणगी जमिनीपासून किमान १८ इंच वर हवी असा नियम आहे. गॅसच हवा असेल तर जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा, छताला टांगायचा हीटर घ्यावा. तो चांगला असतो, पण त्यासाठी गॅसची लाइन आणि परवानाधारक फिटर लागेल.


प्रेषक: बर्लिंग्टन

विजेचं माझं क्षेत्र म्हणून थोडक्यात. त्या गराजला आज एकच दिव्याचं सर्किट असेल, तर नवी फीडर (घरातून गराजपर्यंतची मोठी वीजवाहिनी) ओढावी लागेल. सुट्या इमारतीतल्या सबपॅनेलला (तिथल्या ब्रेकरच्या पेटीला) चार तारा हव्यात, न्यूट्रल आणि ग्राउंड तिथे एकत्र जोडायचे नाहीत, आणि तिथे स्वतंत्र ग्राउंड रॉड हवा. पीव्हीसी पाइपमधून नेलं तर चर १८ इंच खोल. कुदळ मारण्याआधी ८११ ला फोन करा, ते फुकट येऊन गॅस-पाण्याच्या लाइनींच्या खुणा करून जातात. परमिट इलेक्ट्रिशियनच काढेल. ६० अँपिअरची फीडर घ्या. चर एकदाच खणायचाय.


प्रेषक: ऍक्टन

ताई, आता हेडचा वास.

यंत्र बंद करून विजेरी घ्या. झडप हळूच खाली करून आत प्रकाश टाका. आडवा, लांब, बारीक पात्यांचा रूळ दिसेल, तो ब्लोअर. पात्यांच्या आतल्या कडांना काळे ठिपके किंवा करडी लव दिसली तर वास तिथलाच. उन्हाळाभर कॉइलवर पाणी धरतं, बंद केल्यावर आत ओल राहते, धुळीचं खाद्य मिळालं की बुरशी वाढते. आपल्या घरांत आणखी एक भर असते: खालच्या मजल्यावरचं हेड बहुधा स्वयंपाकघराच्या समोर असतं. फोडणीच्या तेलाचे कण फिल्टरवर आणि कॉइलवर चिकटतात आणि त्यावर धूळ लेपासारखी बसते. त्या हेडचा फिल्टर दर दोन आठवड्यांनी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवावा, सावलीत पूर्ण वाळवून मग बसवावा. बेडरूममधल्यांना महिन्यातून एकदा पुरे. फोडणी देताना चिमणी चालू आणि ते हेड बंद.

ब्लोअर धुणं घरी जमतं, पण घाई नको. पॅनेलवरचा ब्रेकर पाडा, बाहेरच्या युनिटजवळचा स्विचही काढा. समोरचं झाकण आणि फिल्टर काढा. सर्किट बोर्ड बहुतेक हेडमध्ये उजव्या टोकाला असतो. तो प्लास्टिकने नीट झाका. हेडखाली बांधायची प्लास्टिकची झोळी मिळते, तिची नळी बादलीत सोडा. कॉइलवर आणि ब्लोअरवर कॉइल-क्लीनर मारा, ब्लीच किंवा ॲसिडवालं नको. दहा मिनिटं मुरू द्या. मग हातपंपाच्या फवाऱ्याने धुवा, ब्लोअर बोटाने थोडा थोडा फिरवत, पात्यागणिक. प्रेशर वॉशर अजिबात नको, कॉइलच्या पत्र्या वाकतात. पहिलं पाणी शाईसारखं काळं येईल. बादलीत स्वच्छ पाणी पडेपर्यंत धुणं थांबवू नका. अर्धवट धुतलं तर सुटलेला मळ ड्रेनमध्ये जाऊन बसतो. शेवटी सगळं सुकलं की ब्रेकर चढवा आणि दोन-तीन तास नुसता पंखा चालवा. पुढच्या उन्हाळ्यात कूलिंग बंद केल्यावर रोज अर्धा तास पंखा चालू ठेवलात तर पुन्हा इतकं धुवावं लागणार नाही.

यंत्रातला गॅस (रेफ्रिजरंट) भरायला मात्र त्या माणसाला नाही म्हणा. आपल्याकडे दर उन्हाळ्यात "गॅस भरून" घ्यायची सवय लागलीय, पण बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, बहुतेक वेळा फ्लेअर नटपाशी (नळ्या जोडणाऱ्या नटपाशी). आधी गळती शोधायची, नायट्रोजनच्या दाबाने तपासायची, व्हॅक्यूम करायचं, मग वजन करून भरायचा. गेजही न लावता "भरून घ्या" म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नये. हे काम ईपीएचं (केंद्राच्या पर्यावरण खात्याचं) ६०८ प्रमाणपत्र असलेल्यानेच करायचं असतं, घरच्या घरी नाही. तुमच्या यंत्रात आर-४१०ए असेल. २०२५ पासून इथे बनणाऱ्या घरगुती यंत्रांत त्याऐवजी आर-३२ किंवा आर-४५४बी असतो. गराजच्या नव्या यंत्रात तसला गॅस येईल, तो जुन्यात चालत नाही.

खर्चाबद्दल: केंद्र सरकारची ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या हीट पंपांना नाही. ती हिशेबात धरू नका.


प्रेषक: फ्रेमिंगहॅम

काकांच्या मेलला ड्रेनची पुरवणी. जुलैत भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं की लोक कॉइल बिघडली समजतात. आधी बाहेर जाऊन नळीचं टोक बघा. आमच्या नळीत आत बुळबुळीत शेवाळ साठतं, ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम त्या टोकाला फडक्याने घट्ट धरून दोन-तीन मिनिटं चालवला की सगळं बाहेर येतं. आम्ही हे मेमध्येच उरकतो. तुमचं हेड आतल्या भिंतीवर असेल तर छोटा पंप असतो, त्याची टाकीही धुवा. आणि जूनमध्ये कॉटनवुडचा कापूस उडतो तेव्हा बाहेरच्या युनिटच्या मागच्या जाळीवर गोधडी बसते, ती बागेच्या नळाने हलक्या धारेने काढायची. झोळी आणि फवारा आमच्याकडे आहे, कुणालाही न्यायला हरकत नाही.


प्रेषक: ढोलपथक समन्वयक, वेस्टबरो

काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. घरच्यांशी आणि कार्यकारिणीशी बोलले. यंदा पैसे आधी इन्सुलेशन, ड्रायवॉल आणि दाराच्या पट्ट्यांवर. फीडर आणि मिनी-स्प्लिटची तीन कोटेशनं मागवलीत, ५० अंशांची सोय असलेलं मॉडेल लिहून द्या असं प्रत्येकाला कळवलंय. गराज तयार होईपर्यंत कातडी पानांचे ढोल आमच्या बेसमेंटमध्ये राहतील, ताशांची पानं प्लास्टिकची असल्याने ते गराजमध्येच. बॅट भरायला येत्या दोन शनिवारी सकाळी नऊला हात हवेत. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क आणा, काचतंतू टोचतात. दुपारी पिठलं-भाकरी आमच्याकडे. फ्रेमिंगहॅमच्या ताई, झोळी रविवारी न्यायला येते.