पत्रिका वाटणाऱ्या बंधूंना: आमचा डबा रिकामा परत आला

नगरी_शेंगदाणा:
आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर काल एका बंधूंनी टाकलं, 'पिशवीत येशूबद्दलच्या पाच पत्रिका ठेवा, रोज एकाला सुवार्ता सांगा. न सांगणारा नावाचाच ख्रिस्ती.' तिथे बोललो तर पाळकसाहेबांपर्यंत जाईल, म्हणून इथे.
शेजारच्या काकूंचे यजमान वारले. चौथ्या दिवशी आमच्याच मंडळीतल्या एका बाईंनी त्यांच्या हातात पत्रिका दिली. वर ठळक अक्षरांत, 'मरणानंतर तुम्ही कुठे जाणार?' काकूंनी न बोलता तिची घडी घातली आणि माझ्या आईच्या हातात ठेवली. वीस वर्षं नाताळच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. डबा कधी रिकामा आला नव्हता, निदान मूठभर शेंगदाणे तरी असायचे. यंदा आला. घासूनपुसून, रिकामा. ही साक्ष?

केडगाव_लाईन:
एका बाईला पोच नव्हती म्हणून सगळ्यांनी तोंड शिवायचं का? ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना बायबलचा नवा करार आगगाडीत भेटलेल्या अनोळखी माणसाने दिला, राजनांदगावला जाताना. तो खिडकीबाहेर बघत बसला असता तर रविवारी कोणाची भजनं म्हटली असती तुम्ही?

नगरी_शेंगदाणा:
त्याने आधी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या हो! मग पुस्तक. आणि टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्याआधी कितीतरी महिने वाचन आणि घालमेल. सुतकात पत्रिका नव्हती दिली कोणी.

मावशी_श्रीरामपूर:
दोघंही टिळक टिळक करताय. लक्ष्मीबाईंचं काय? नवरा बाप्तिस्मा घेऊन मोकळा, ही माहेरच्यांच्या दारात रडतेय. तिला यायला पुढे पाचेक वर्षं लागली, तीही स्वतःच्या पायांनी. आणि आमच्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला इतर धर्मांचे लोक येतात, ते कुठली पत्रिका वाचून येतात?

टाळकरी:
कोणाची भजनं म्हणे! म्हणतंय कोण? आमच्याकडे पेटी कपाटावर टाकली आणि बेचाळीस हजारांचा कीबोर्ड आणला. टाळ कुठे ठेवलेत, पंचकमिटीलाही माहीत नाही. सगळी गाणी हिंदीत. गल्लीतले लोक ओट्यावर बसून अभंगाच्या चालीवरची भजनं ऐकायचे, आता खिडक्या लावून घेतात. ती खरी सुवार्ता होती, फुकटातली.

केडगाव_लाईन:
त्या हिंदी गाण्यांमुळे पोरं तरी येतात. तुमच्या भजनाला सहा म्हातारे आणि एक झोपलेला.

टाळकरी:
झोपलेला माझा बाप होता. तोंड सांभाळा. त्याच माणसाने तीस वर्षं गावोगाव कीर्तनं केली, पायी.

केडगाव_लाईन:
बरं, वडिलांबद्दल चुकलो. कीबोर्डबद्दल नाही.

कलम_पंचवीस:
विषयावर या. घटनेत धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, पण 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. हल्ली एसटीत पत्रिका काढली तरी व्हिडिओ निघतो. चौकीत मंडळीतलं कोणी येत नाही, मी बसलोय तीन तास.

नगरी_शेंगदाणा:
कशासाठी बसवलं होतं?

कलम_पंचवीस:
पत्रिकाच. हसा.

केडगाव_लाईन:
वकीलसाहेब, तुम्हीसुद्धा!
शेंगदाणे, तुमचं एक मान्य. सुतकात नको. आमच्या ग्रुपवर टाकतो, 'तेराव्यानंतर द्या' असं. झालं समाधान?

नगरी_शेंगदाणा:
तेराव्यानंतर करंज्या घेऊन जा म्हणावं. हाताने केलेल्या.

टाळकरी:
ती कपाटावरची पेटी कोणी विकतंय का, विचारून बघतो. भाता फाटलाय, पण सूर पक्के आहेत.