शब्दचर्चा: ग्राइंड, बेगमी आणि हात बसणे

व्हिडिओ गेममधल्या लढाईबद्दल मराठीत बोलायला लागलं की एक वाक्य हमखास येतं: 'बॉस जड जात होता, मग बसून ग्राइंड केलं आणि मारला.' बॉस (वाट अडवणारा मोठा, बलाढ्य शत्रू), लेव्हल, गेम या शब्दांबद्दल माझी काही तक्रार नाही, ते आता आपलेच आहेत. अडचण 'ग्राइंड'ची आहे, म्हणजे जमेपर्यंत तेच तेच पुन्हा पुन्हा करत राहण्याची. हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतो आणि त्यामुळे गेम चांगला की वाईट हे ठरवतानाही घोळ होतो.

'ड्रॅगन क्वेस्ट' हा १९८६ चा जपानी गेम घ्या. गावाबाहेर हिंडायचं, समोर येईल तो स्लाइम (गेममधला साधा, दुबळा शत्रू) मारायचा, अनुभवाचे गुण साठवायचे. गुण पुरेसे झाले की पातळी वाढते, पातळीबरोबर बळ वाढतं, आणि काल ज्याच्यापुढे टिकाव लागत नव्हता तो आज दोन फटक्यांत आडवा होतो. खेळणाऱ्याचा हात मात्र होता तिथेच असतो. त्याने तीच आज्ञा पुन्हा पुन्हा निवडलेली असते.

आता 'सेकिरो' घ्या, २०१९ चा. आशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो हा बॉस भेटतो. तिथे नुसती पातळी वाढवून निभाव लागत नाही, कारण या गेममध्ये पातळी चढवून वाटेल तितकं बळ विकत घेण्याची सोयच नाही. अनुभवातून मिळतात ते मुख्यतः नवे डाव. अंगातली ताकद वाढते ती जपमाळेचे चार मणी जमवल्यावर, आणि वाराचा जोर वाढतो तो मोठ्या शत्रूंना हरवून त्यांच्या आठवणी मिळवल्यावर. म्हणजे गेनिचिरोसमोर उभं राहायचं आणि शिकायचं. तो उडी मारून खाली येतो, डोक्यावर लाल चिन्ह चमकतं, आणि पुढच्या क्षणी एकतर सरळ भोसकतो किंवा पायाखालून तलवार फिरवतो. भोसकणार असेल तर मागे न सरता पुढे पाऊल टाकून त्याच्या पात्यावर पाय द्यायचा. पायाखालून फिरवणार असेल तर उडी. आधी हे दोन्ही सारखेच दिसतात. मग हळूहळू खांद्याचा कल दिसायला लागतो, आणि एक दिवस डोक्याने ठरवायच्या आत बोट हललेलं असतं.

याला मराठीत नेमका शब्द आहे: हात बसणे. पेटीवर हात बसतो, टायपिंगला हात बसतो, शिलाई मशीनवर हात बसतो. एकदा बसला की तो आपलाच. सेव्ह फाइल उडाली तरी जात नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: जिथे फक्त आकडा वाढतो त्याला 'रगडपट्टी' म्हणावं, आणि जिथे खेळणारा वाढतो तिथे 'हात बसवणे' म्हणावं. 'सेकिरोमध्ये फार ग्राइंड आहे' असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. तिथे रगडपट्टी जवळजवळ नाहीच. हात बसेपर्यंत गेम पुढे सोडत नाही, एवढंच. मला स्वतःला असेच गेम आवडतात. लढाईत मी काल जे करू शकत नव्हतो ते आज करू शकतो, याहून मोठं बक्षीस गेम देऊ शकत नाही असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही काय शब्द वापरता? आणि 'प्रोग्रेशन'ला, म्हणजे गेममध्ये बळ वाढत जाण्याला, 'प्रगती' म्हणणं तुम्हाला पटतं का?

* * *

वाचकांचे प्रतिसाद:

'हात बसणे' फारच चपखल. पण 'रगडपट्टी'त तुच्छता आहे, ती मला मान्य नाही.

दिवसभर काम, घरी लहान मूल. रात्री जो वेळ मिळतो त्यात गेनिचिरोकडून पुन्हा पुन्हा मार खायची माझी तयारी नसते. ड्रॅगन क्वेस्टसारख्या गेममध्ये मी निवांत हिंडतो. मधूनच मेटल स्लाइम दिसतो. तो अनुभव भरपूर देतो, पण पळून जाण्यात पटाईत. सापडला तर रात्र सार्थकी लागते. आणि त्या पहिल्या गेमचा नियम बघा: मेलात तर निम्मं सोनं जातं, अनुभव जसाच्या तसा राहतो. म्हणजे तुम्ही दिलेला वेळ गेम वाया जाऊ देत नाही. ज्याचा हात कधीच बसणार नाही असा माणूसही चिकाटीने शेवटपर्यंत पोहोचतो. माझ्या वडिलांना बटणं पटापट दाबता येत नाहीत, पण असा गेम ते आनंदाने खेळतात. हे मोठं औदार्य आहे.

माझा शब्द: बेगमी. पावसाळ्याआधी घरात बेगमी करतात तशी बॉसआधी पातळीची बेगमी. 'दोन दिवस बेगमी केली, मग गुहेत शिरलो.' ऐकायलाही बरं वाटतं आणि कुणाचा अपमानही होत नाही.

* * *

'बेगमी' उचलला.

पण मूळ लेखातल्या विभागणीबद्दल थोडं. मी लहानपणी तालमीत जायचो. तिथे दोन गोष्टी वेगळ्या असतात. जोर, बैठका, दोर चढणं ही मेहनत. आणि मातीत उतरून जोडीदाराबरोबर धरायचं ती लढत. वस्ताद दोन्ही करून घेतात. नुसत्या मेहनतीने डाव येत नाहीत आणि नुसत्या डावांनी समोरचा उचलला जात नाही. तेव्हा बळ वाढवणं म्हणजे कमअस्सल आणि हात बसवणं म्हणजे अस्सल, असं तोडून टाकता येणार नाही.

तालमीतले आणखी दोन शब्द गेमला चांगले बसतात. पहिला, खडाखडी. कुस्तीच्या सुरुवातीला दोघं एकमेकांचा अंदाज घेतात, मनगट धरतात, मानेवर हात टाकतात, खरा डाव कुणीच टाकत नाही. नव्या बॉससमोर पहिले काही जीव असेच जातात. जिंकायचं नसतंच, तो काय काय करतो ते बघायचं असतं. 'आज नुसती खडाखडी केली' असं आमच्या मित्रांत आम्ही सर्रास म्हणतो.

दुसरा, पवित्रा. सेकिरोमध्ये जीवाच्या पट्टीशिवाय एक दुसरी पट्टी असते, ती भरली की शत्रू उघडा पडतो आणि एका घावात संपतो. इंग्रजीत तिला 'पोश्चर' म्हणतात. तिला पवित्राच म्हणायला हवं. कोल्हापूरकडे मर्दानी खेळात लाठी हातात दिली की आधी पवित्रे शिकवतात, वार नंतर. गेममध्येही तसंच आहे: वार नेमक्या क्षणी परतवत राहिलं की समोरच्याचा पवित्रा ढळतो, त्याला दम खायला दिला की तो सावरतो. शत्रू जितका घायाळ, तितका त्याचा पवित्रा सावरायला वेळ लागतो. 'पवित्रा मोडला' म्हटलं की न खेळलेल्या माणसालाही कळतं.

* * *

मूळ लेखक:

पवित्रा आणि खडाखडी, दोन्हीबद्दल मनापासून आभार. हेच हवं होतं.

मेहनतीच्या मुद्द्यावर मात्र मी अडून आहे. तालमीत जोर काढणाऱ्याच्या स्वतःच्या दंडात बळ येतं. स्लाइम मारून बळ येतं ते पडद्यावरच्या पात्राला. म्हणून तालमीतली मेहनत माझ्या हिशेबात हात बसण्याच्या बाजूला जाते. आणि सेकिरोतही तालीम आहेच की. मोडक्या देवळाच्या अंगणात हानबेई नावाचा न मरणारा सामुराई बसलेला असतो, तो स्वतःवर वार करू देतो आणि एकेक डाव घोटून घेतो. तिथे अनुभवाची लूट नाही, फक्त सराव.

पातळीशिवायही चालतं याचा पुरावा हवा असेल तर 'डार्क सोल्स' बघा, २०११ चा. त्यातला पायरोमॅन्सर (आगीचे मंत्र वापरणारं पात्र) पहिल्या पातळीपासून सुरू होतो, आणि असे खेळाडू आहेत जे त्याला पहिल्याच पातळीवर ठेवून पूर्ण गेम संपवतात. पातळी चढवायची सोय असून ते ती वापरत नाहीत. सगळं ओझं हातावर.

बेगमी मात्र मान्य. वडिलांचा मुद्दा तर शंभर टक्के. 'रगडपट्टी' मी अशाच ठिकाणी राखून ठेवीन जिथे गेम मुद्दाम वेळ खातो, म्हणजे पैसे भरले की तोच वेळ वाचवून देतो.

* * *

'लेव्हल'बद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते.

टीव्ही गेमच्या काळात 'कितव्या लेव्हलला आहेस?' म्हणजे मारिओ कुठवर पोहोचला असा अर्थ होता. लेव्हल म्हणजे जागा. पुढे आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) आले आणि लेव्हल म्हणजे पात्राचं बळ असा अर्थ झाला. हा दुसरा अर्थ कागदावर खेळायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधून आला, १९७४ सालापासूनचा. आजही माझी भाची आणि मी बोलताना गोंधळ होतो. मी जागेला 'टप्पा' आणि बळाला 'पातळी' म्हणते, तिलाही आता सवय झाली आहे.

'प्रगती' मला पटत नाही. प्रगतीत पुढे जाणं गृहीत आहे. 'ऑब्लिव्हियन' आठवा, २००६ चा. तुमची पातळी वाढली की जगातल्या शत्रूंचीही वाढायची. पुढे पुढे रस्त्यावरचे साधे लुटारूसुद्धा काचेची महागडी चिलखतं घालून यायचे. पगार वाढला आणि महागाई तेवढीच वाढली, अशी गत. त्यातून लढाई सोडून इतर कौशल्यं वाढवली असतील तर पातळी चढूनही तुम्ही दुबळे व्हायचात. याला प्रगती कसं म्हणणार? मी 'बढती' म्हणेन. बढती मिळाली म्हणून माणूस पुढे गेलाच असं नसतं.

'स्कायरिम' या गेमची कल्पना मला खरी वाटली: जे कराल त्यात वाढाल. धनुष्य चालवलं की धनुर्विद्या वाढते. पण लोकांनी लोहारकाम वाढवायला लोखंडी खंजिरांचे ढीग घडवले, कारण सुरुवातीला खंजीर काय आणि चिलखत काय, शिकण्याच्या दृष्टीने सारखंच मोजलं जायचं. नंतर वस्तूच्या किमतीवर ते ठरायला लागलं. हे मात्र मी डोळे झाकून रगडपट्टी म्हणेन.

* * *

'कॉम्बॅट'ला सरसकट 'लढाई' म्हणू नका, एवढी विनंती. आपल्याकडे छटा आहेत. वाटेवरच्या किरकोळ शत्रूंशी होते ती चकमक. बॉसशी होते ती झुंज, कारण तिच्यात दमणं आहे. दोन खेळाडूंत होते ती लढत, 'स्ट्रीट फायटर'सारखी. 'आज तीन चकमकी आणि एक झुंज' एवढं म्हटलं तरी सगळं कळतं.

आणि 'फेंट'ला हूल. 'एल्डन रिंग'मध्ये (२०२२) वाटेत मार्गिट आडवा येतो. तो काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. आपल्याला वाटतं आला वार, आपण तो चुकवायला कोलांटी घेतो, आणि कोलांटी संपता संपता काठी डोक्यात. ही हूल आहे, दुसरा शब्द शोधू नये. अनेकांना हे अन्यायाचं वाटतं. मला नाही वाटत. आधीचे गेम खेळून ज्यांचे हात बसले होते त्यांची सवय मोडायला तो वार असा घडवला आहे असं मी समजतो. बसलेला हात उठवणंही गेमला जमलं पाहिजे.

* * *

मूळ लेखक:

'बसलेला हात उठवणं' हे वाक्य मी वापरणार, आधीच सांगून ठेवतो.

चकमक आणि झुंज यावरून आठवलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) कुणी खेळलंय का? राजी सर्कशीत वाढलेली मुलगी, हातात त्रिशूळ. ती भिंतीवर धावत चढते, खांबाला धरून गरकन फिरते आणि त्या झोतात वार करते. डोळ्यांना ते फार सुंदर दिसतं. पण माझं मत विचाराल तर त्या गेममध्ये झुंजी कमी आणि चकमकी जास्त आहेत, आणि खांबावरची फिरकी जितकी देखणी आहे तितकी ती वापरायची गरज पडत नाही. आणखी एखादा शत्रू असा हवा होता की ज्याच्यापुढे त्या फिरकीवर हात बसवण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याच गावात घडलेला गेम म्हणून हे जास्त लागतं.

एक शब्द अजून अडलाय. कोलांटी घेताना मधले काही क्षण वार अंगातून आरपार जातो, लागत नाही. त्याला काय म्हणायचं?

* * *

अभय. 'कोलांटीतलं अभय.' डार्क सोल्समध्ये अंगावरचं ओझं फार वाढवलंत की कोलांटी जड होते आणि तिथलं अभय घटतं. जड चिलखत घालून वार सोसायचा की हलकं राहून अभय राखायचं, हे आधी ठरवा आणि मग बेगमीला लागा.