मदत हवी आहे : स्लालम आणि जायंट स्लालमच्या सरावाला एकच स्की पुरेल का?

मी प्रौढ वयात अल्पाइन स्की शर्यतींचा सराव सुरू केला असून, स्वतःची पहिली स्की घेण्याआधी मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. स्लालममध्ये, म्हणजे खांबांच्या गेटांमधून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीत, गेट जवळजवळ असल्याने आखूड, झटकन वळणारी स्की लागते, तर गेट अधिक दूर असलेल्या जायंट स्लालमच्या सर्वोच्च स्तरावर पुरुषांच्या स्कीची वळणत्रिज्या (कडेवर टेकवल्यावर स्की घेते त्या वळणाची त्रिज्या) किमान ३० मीटर असावी लागते. तशी एक उसनी जोडी मी वापरून पाहिली, पण माझ्या मंद वेगात ती वाकतच नव्हती. मग १८ मीटरच्या आसपास त्रिज्या असलेली मधली स्की घ्यावी, की आधी स्लालमचीच घेऊन स्कीच्या कडेवरचे नियंत्रण पक्के करावे? बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या यंत्रणेचा) ताण मी वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून तंत्रज्ञाकडूनच ठरवून घेणार आहे. गुडघ्यांच्या बाबतीत अंदाज नको. बूट मात्र किती ताठ असावेत, हेही कृपया सांगावे.