खातेनिहाय चौकशीचा विषय आला की सभागृहाचे दार बंद करावे का?

नारायणपेठकर:
मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुणे महापालिकेचा कारभार प्रशासकांकडे गेला आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात मुख्य सभा आणि स्थायी समिती या दोन्हींच्या वतीने एकच व्यक्ती ठराव करत होती. आता सभागृह पुन्हा भरले असल्यामुळे एक प्रश्न आजच विचारून ठेवावासा वाटतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूचीतील नियमांप्रमाणे महापालिकेची प्रत्येक सभा जनतेला खुली असते. एखादी चौकशी किंवा विचारविनिमय खाजगीत व्हावा असे वाटल्यास उपस्थित सदस्यांच्या बहुमताने तसा ठराव करावा लागतो. याच कायद्यात असेही आहे की सहायक आयुक्त किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला बडतर्फ करायचे झाल्यास आयुक्तांना महापालिकेची पूर्वमान्यता घ्यावी लागते. म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याची शिक्षा हा विषय कायद्यानेच सभागृहाकडे दिला आहे. ज्यांच्या सहीने निविदा पुढे सरकतात आणि बांधकामांना परवानगी मिळते, त्यांच्यावर आरोप काय होता आणि आपण निवडून दिलेल्या नगरसेवकाने त्यावर कोणत्या बाजूने हात वर केला, हे प्रेक्षक कक्षात बसलेल्या करदात्याला दिसलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आस्थापनेतील निवृत्त कर्मचारी:
आपल्या मताशी मी असहमत आहे, आणि त्यामागे एक अनुभव आहे. माझी नोकरी एका नगरपालिकेच्या आस्थापना विभागात झाली. कर भरणा खिडकीवरच्या एका लिपिक बाईंच्या पावतीपुस्तकात आणि रोजकीर्दीत तफावत आढळली, तेव्हा रीतसर कारणे दाखवा नोटीस निघाली आणि दोषारोपपत्र तयार होण्याआधीच एका सदस्याने तो विषय भर सभेत उपस्थित केला. बोलता बोलता त्यांनी बाईंच्या सेवापुस्तकातील दीर्घ वैद्यकीय रजेची नोंद वाचून दाखवली आणि आजाराचे नावही उच्चारले. सेवापुस्तक त्यांच्या हातात कसे आले याची चौकशी कधीच झाली नाही. दुसऱ्या दिवशी ते सारे स्थानिक वर्तमानपत्रात आले. दीड वर्षाने चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल आला, त्यात बँकेतील भरणा चुकीच्या शीर्षाखाली नोंदला गेल्याचे निष्पन्न झाले आणि बाई निर्दोष ठरल्या. तो आदेश दोन ओळींचा होता. तो कोणी सभेत वाचला नाही, कोणी छापला नाही. बाईंनी तोवर दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली होती आणि निवृत्तीपर्यंत त्या जेवणाच्या सुट्टीतही एकट्याच बसत.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षेचे आदेश ही कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती आहे, तो मुख्यतः कर्मचारी आणि त्याचा नियोक्ता यांच्यातील विषय आहे, असे म्हटले. मला तो निकाल मानवी वाटतो. आरोप सिद्ध होईपर्यंत माणसाला आडोसा मिळाला पाहिजे.

सोमवारी अभिलेख पाहणारा:
बाईंवर झालेला अन्याय वाचून वाईट वाटले. परंतु तो अन्याय सभा खुली होती म्हणून झाला, की एका सदस्याने नियमबाह्य रीतीने सेवापुस्तक मिळवले म्हणून झाला, याचा विचार आपण करावा. बंद दाराआड तीच नोंद वाचली गेली असती तर ती संध्याकाळपर्यंत गावभर झाली असतीच, आणि खोडून काढायला कोणी साक्षीदारही उरला नसता.

माझा अनुभव उलट आहे. महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पद्धत पुण्यात रुजली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती इतरत्रही लागू केली. त्या दोन तासांत मी रस्त्यांच्या कामाची मोजमाप पुस्तके पाहिली आहेत. मात्र निकृष्ट काम कोणी तपासून मंजूर केले आणि त्याच्यावर पुढे काय कारवाई झाली, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: माहिती वैयक्तिक आहे. कनिष्ठ अभियंत्याचे निलंबन वर्तमानपत्रात नावानिशी येते, वरिष्ठाचा चौकशी अहवाल मात्र दप्तरी दाखल होतो. गोपनीयतेचा आडोसा सर्वांना सारखा मिळतो असे कृपया म्हणू नका.

त्यातच, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी ज्या अटी होत्या, म्हणजे माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसला किंवा ती दिल्याने खाजगीपणावर अनाठायी आक्रमण होत असले तरच ती नाकारता येई, त्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०२३ ने काढून टाकल्या. संसदेला किंवा विधानमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे सुंदर वाक्यही त्यासोबत गेले. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अमलात आहे. अशा वेळी सभागृहाचे उघडे दार हाच आमच्यासारख्यांना उरलेला मार्ग आहे, आणि तो आपण बंद करू पाहता.

शिवाजीनगरची वकील:
सभेचे दार आणि कर्मचाऱ्याची नस्ती (फाइल) या दोन गोष्टींची येथे गल्लत होत आहे, म्हणून थोडे लिहिते. देशपांडे निकालानेही व्यापक जनहित असल्यास माहिती देता येईल, हे मान्य केले होते. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) आजही आहे, त्यानुसार जनहित हे हानीपेक्षा मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. कलम १० प्रमाणे दस्तऐवजातील देण्याजोगा भाग वेगळा काढून देता येतो. आजाराची नोंद झाकून शिक्षेचा आदेश देणे कायद्याला अशक्य नाही, ते कंटाळवाणे काम आहे म्हणून टाळले जाते. माझी तक्रार अनुसूचीतील नियमाबद्दल आहे. सभा खाजगीत घेण्याचा ठराव आधी चर्चा न होता मतास टाकायचा असल्यामुळे दार का लावले, हे इतिवृत्तात कधीच येत नाही. बाकी उघडे ठेवावे की बंद, यात मी नारायणपेठकरांच्या बाजूने आहे, कारण बंद करण्याची मुभा कायद्यात आधीच आहे आणि ती वापरणाऱ्याने तिचे कारण द्यायला हवे.

आस्थापनेतील निवृत्त कर्मचारी:
शिक्षेचा अंतिम आदेश जाहीर करायला माझी हरकत नाही, हे मी मान्य करतो, आणि वरिष्ठांचे अहवाल दप्तरी दाखल होतात हेही मी स्वतः त्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळताना पाहिले आहे. परंतु आरोपाच्या टप्प्यावर चर्चा उघड नको, या मतावर मी ठाम आहे. सभागृह हे न्यायासन नाही. तेथे उलटतपासणी होत नाही, आरोप झालेला अधिकारी उत्तर देऊ शकत नाही, आणि सदस्याला गटनेत्याच्या आदेशाप्रमाणे बोलावे लागते.

नारायणपेठकर:
आपला हा शेवटचा मुद्दा मला खोडता येत नाही. तरीही एक व्यवहार्य मागणी मांडतो. नगरसचिवांनी विषयपत्रिकेत अधिकाऱ्याचे नाव न देता पद आणि आरोपाचे स्वरूप द्यावे, सेवापुस्तक आणि वैद्यकीय कागद सदस्यांना फक्त नगरसचिव कार्यालयात पाहू द्यावेत, आणि चर्चा खाजगीत झाली तरी मतदान मात्र दार उघडून, नावानिशी व्हावे.

आस्थापनेतील निवृत्त कर्मचारी:
पद दिले की नाव दिल्यासारखेच आहे. खात्याला प्रमुख एकच असतो.

नारायणपेठकर:
होय, आणि खातेप्रमुखाच्या बाबतीत ते मला मान्य आहे. खिडकीवरच्या बाईंचा विषय मात्र त्या सभेत यायलाच नको होता. तो आयुक्तांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या पातळीवरच संपला पाहिजे, आणि बाई निर्दोष ठरल्याचा आदेश ज्या सभेत त्यांचे नाव घेतले गेले त्याच सभेत वाचला गेला पाहिजे होता.