मदत हवी आहे : भाऊ नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकतोय

नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका कंपनीत सीएनसी-व्हीएमसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) काम करतो, पगार वेळेवर होतो, तरी आता सोडून भोसरीत गाळा घेऊन जॉबवर्क (दुसऱ्या कंपन्यांना पार्ट बनवून देणं) करायचं म्हणतोय. कारण नुसतं पैसा नाही, पंचेचाळिशीनंतर काढलं तर दुसरीकडे कोण घेणार ही भीती त्याला आहे आणि मला ती खरी वाटते. पीएमईजीपीतून (नवा धंदा टाकायला कर्ज-सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना) मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसतो, शहरात जनरल कॅटेगरीला १५ टक्के सबसिडी आणि १० टक्के स्वतःचे, महिलेच्या नावाने असेल तर २५ टक्के सबसिडी नि ५ टक्केच स्वतःचे, एवढं कळलं. पण जॉबवर्क मॅन्युफॅक्चरिंगमध्ये धरतात की सर्व्हिसमध्ये? वहिनी खरंच धंद्यात बसणार आहेत, मग त्यांच्या नावाने करावं का?

सगळ्यात जास्त काळजी पेमेंटची. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलं की कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण नव्या माणसाला मोठ्या पार्ट्या खरंच देतात का? आईबाबांचा मेडिक्लेमही कंपनीचाच आहे, तो आधी वेगळा घ्यायला सांगतेय. ज्यांनी असं वर्कशॉप टाकलंय त्यांनी प्लीज सांगा, किती महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून सुरू केलंत?