मदत हवी आहे: सावळ्या चेहऱ्याची त्वचा खरी वाटत नाही, मेणाची वाटते (ब्लेंडर, सायकल्स)

नमस्कार मंडळी,

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये (रेंडर इंजिन सायकल्स) एका म्हाताऱ्या बाईचं डोकं करतेय, खांद्यापर्यंतच, एका स्थिर चित्रासाठी, अॅनिमेशन नाहीये. स्कल्प्टिंग बऱ्यापैकी जमलंय असं वाटतं, म्हणजे साध्या करड्या मटेरियलमध्ये बघितलं की डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, गळ्याची सैल कातडी, कपाळावरच्या आठ्या सगळं नीट दिसतं आणि बाई जिवंत वाटते, पण त्वचेचा शेडर (पृष्ठभाग कसा दिसावा ते ठरवणारी सेटिंग्ज) लावला रे लावला की सगळा जीव जातो आणि समोर मेणाचा पुतळा उरतो.

प्रिन्सिपल्ड शेडर वापरतेय, व्हर्जन ४ च्या पुढचं. सबसर्फेस (प्रकाश त्वचेत शिरून पसरणं) वेट १ ठेवलंय, रेडियस आणि स्केल जे आपोआप आलेत तेच. कलर मॅप (चेहऱ्यावर चढवायचं रंगाचं चित्र) गोऱ्या त्वचेचा होता, तो व्हॅल्यू (उजळपणा) कमी करून सावळा केला. रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा, जितका जास्त तितकी चमक पसरट) सगळीकडे ०.५. नॉर्मल मॅपमध्ये (बारीक उंचवटे-खड्डे दाखवणारं चित्र) रोमछिद्रं आहेत पण रेंडरमध्ये, म्हणजे तयार चित्रात, ती दिसतच नाहीत. रंगही राखाडीकडे झुकतो, लाइट वाढवला तर अजूनच फिकट आणि मळका दिसतो.

जे ट्युटोरियल बघितले त्यात बहुतेक गोरा गुलाबी चेहरा, कानामागे लाइट ठेवून कान लालभडक करून दाखवतात आणि संपलं. सावळ्या चेहऱ्याला तेच आकडे लावून होत नाही हे कळतंय, पण नक्की काय बदलायचं ते कळत नाही. ही बाई मला खरीच हवीये, उजळ करून वेळ मारून न्यायची नाहीये. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

आधी स्केल बघा. तिथे जे आपोआप येतं ते ०.०५ मीटर, आणि रेडियस १, ०.२, ०.१, म्हणजे लाल प्रकाश तुमच्या चेहऱ्यात ५ सेंटीमीटरच्या हिशोबाने पसरतोय. अख्खं डोकं साधारण २०-२५ सेंटीमीटर उंच, त्यात ५ सेंटीमीटर म्हणजे नाकाच्या या बाजूचा लाइट त्या बाजूला पोचणार, मग सुरकुत्या राहतील कशा? मेणासारखं दिसतं ते यामुळेच. मुळात त्वचेत प्रकाश शिरतो, आत धडकत धडकत थोडा बाजूला जाऊन बाहेर येतो, लाल सगळ्यात लांब जातो, हिरवा कमी, निळा सगळ्यात कमी, पण ही सगळी अंतरं मिलिमीटरमधली आहेत. जेन्सन, मार्शनर वगैरे मंडळींनी २००१ मध्ये जे मोजमाप दिलं त्यावरून त्वचेसाठी जे आकडे सगळीकडे वापरतात ते साधारण ३.६७, १.३७ आणि ०.६८ मिलिमीटर. रेडियसमध्ये हेच तीन टाका आणि स्केल ०.००१ करा. मॉडेल खऱ्या मापाचं हवं, नाहीतर या आकड्यांना अर्थ नाही. मेथडमध्ये (सबसर्फेस कसं मोजायचं ती पद्धत) रँडम वॉक (स्किन) निवडा, तो रंगानुसार रेडियस स्वतः जुळवून घेतो आणि बारकावे जास्त टिकवतो.

आता रंगाचं. व्हॅल्यू कमी केली की लाल, हिरवा, निळा तिघंही एकाच प्रमाणात खाली येतात. मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, असं वागत नाही, ते निळा जास्त शोषतं आणि लाल कमी, त्यामुळे त्वचा जितकी गडद तितकं निळ्याच्या मानाने लालाचं प्रमाण वाढतं, म्हणून सावळा रंग तांबूस-तपकिरी आणि भरलेला दिसतो. तुमचा राखाडी दिसतो कारण गोऱ्या त्वचेचा फिका रंग फक्त अंधारात नेलाय. व्हॅल्यूच्या जागी गामा नोड लावून १ च्या वर नेऊन बघा, गडदही होईल आणि रंगही भरेल. मग डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, मानेच्या घड्यांत अजून थोडं गडद हाताने रंगवा, मेलॅनिन चेहऱ्यावर कुठेच सारखं नसतं, म्हाताऱ्या माणसात तर नाहीच.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते सावळ्या चेहऱ्यात खरं काम चमक करते आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्वचेचा आयओआर (अपवर्तनांक) सुमारे १.४, म्हणजे समोरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २.८ टक्के पृष्ठभागावरून परत येतो, आणि हा आकडा गोऱ्या-काळ्या सगळ्यांना सारखाच. फरक असा की गोऱ्या त्वचेतून आतला प्रकाश भरपूर बाहेर येतो आणि त्यात चमक बुडून जाते, सावळ्या त्वचेत आतून कमी येतो त्यामुळे तीच चमक उठून दिसते आणि गालाचं हाड, नाकाची कड, कपाळ हे सगळं आपण त्या चमकेवरूनच वाचतो. तुमचा रफनेस सगळीकडे ०.५ आहे, म्हणजे जिथून चेहरा घडायचा तीच जागा तुम्ही सपाट ठेवलीये.

एक करा ताई. बेस कलर पूर्ण काळा करा आणि रेंडर घ्या. आता जे दिसेल ती फक्त चमक. ती छिद्राछिद्रावर तुटलेली दिसली पाहिजे, गुळगुळीत पट्टा दिसला तर नॉर्मल मॅप पोचत नाहीये. मॅपचा कलर स्पेस नॉन-कलर (म्हणजे रंग नव्हे, नुसते आकडे म्हणून वाचायचा) आहे का बघा, रफनेस मॅपचाही. मग कपाळ, नाक, हनुवटीला रफनेस कमी (मी ०.३५ पासून सुरू करतो), गालाला जास्त, आणि वर थोडा कोट (चमकेचा वेगळा पातळ थर) कमी रफनेसचा, अगदी हलका, तेलकटपणासाठी. एकच चमक असली की प्लास्टिक वाटतं, एक पसरट आणि एक टोकदार अशा दोन मिसळल्या की कातडी वाटते.

लाइटची पॉवर वाढवू नका, लाइट मोठा करा आणि बाजूला न्या. मोठ्या एरिया लाइटचं प्रतिबिंब गालावर लांब पसरतं आणि आकार कळतो. समोरून जोरात मारलात की सगळं धुऊन निघतं, मळका रंग त्यामुळेही येत असेल.

आणि डीनॉइझर (रेंडरमधले दाणे पुसणारा फिल्टर) चालू आहे का? सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलसाठी किती वेळा प्रकाश मोजायचा तो आकडा) कमी आणि डीनॉइझर चालू असेल तर रोमछिद्रं हा नॉइज समजून तो पुसून टाकतो. बंद करून एक छोटा तुकडा जास्त सॅम्पलवर रेंडर करून बघा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. करून बघितलं, आणि स्केलचा फरक प्रचंड आहे, सुरकुत्या परत आल्या. गामानेही रंग बदलला, राखाडी गेला. काळा बेस कलर करून बघितलं तेव्हा गालावर छिद्रं दिसली पण अंतिम रेंडरमध्ये नव्हती, म्हणजे डीनॉइझरच खात होता, तो बंद केल्यावर आली.

पण कलर मॅपबद्दल एक विचारायचंय. नीट बघितलं तर त्यात नाकाखाली सावली आणि कपाळावर पांढरा डाग आधीपासूनच आहे, फोटोतून आलेला, आणि माझा लाइट उजवीकडून आहे तरी तो डाग तिथेच राहतो. हे काढता येतं का, की मॅपच नवा लागेल?

प्रतिसाद २

तो फोटो काढतानाचा लाइट आहे, मॅपमध्ये छापला गेलाय. चांगले मॅप करणारे लाइटवर आणि लेन्सवर पोलरायझर एकमेकांना आडवे लावून फोटो घेतात म्हणजे चमक येतच नाही. तुमच्याकडे आहे त्यात सावली थोडी रंगवून उचलता येईल, पण जिथे पांढरं जळलंय तिथे खालचा रंगच शिल्लक नाही, शेजारच्या त्वचेवरून क्लोन करावं लागेल. कपाळ आणि नाकाचा शेंडा एवढंच असेल तर नवा मॅप शोधण्यापेक्षा हाताने करा, नाहीतरी सावळ्या रंगासाठी तुम्हाला डोळ्यांभोवती रंगवायचंच आहे. झालं की बेस कलरचा पास वेगळा काढून बघा, त्यात कुठूनही लाइट येतोय असं वाटता कामा नये.

धागाकर्ती

ठीक आहे, आज रात्री कपाळापासून सुरू करते. गालावरची बारीक लव नंतर घेते, आधी मॅप स्वच्छ झाला की रेंडर इथे टाकते, त्यावर पुन्हा सांगा.